मागच्या खोलीतले सर आणि त्यांची निळी फाईल

प्रिय ईशा आणि निनाद,

मागच्या रविवारी फोनवर ईशाने विचारलं, "आजी, कुठल्या विषयाला गेलं की नक्की नोकरी लागते?" तिच्या मागून निनाद ओरडला की दुसरा कोर्स अर्धवट सोडला तर माणसाचं पुढे काय होतं, तेही आजीला विचार. एकतीस वर्षं मी केजच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. असल्या प्रश्नांची उत्तरं पूर्वी मी हाताचा खडू झटकता झटकता देत असे. त्या दिवशी मात्र "बघते, लिहून कळवते" एवढंच म्हणून मी फोन ठेवला. कारण त्याच आठवड्यात आपली मागची पत्र्याची खोली रिकामी झाली होती आणि तिथली एक निळी फाईल माझ्या मांडीवर होती. तुम्ही गेल्या खेपेला आला होता तेव्हा निनादला अंगणात जरासं खरचटलं, तर ज्यांनी त्याला गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पट्टी गुंडाळली होती, त्या सरांची ती फाईल. उत्तर सापडलं तर त्यांच्यातच सापडेल असं वाटून मी लिहायला बसले आहे.

अख्ख्या केज तालुक्यात या माणसाइतकं कोणी शिकलेलं नाही, आणि शिक्षणाने या माणसाइतकं कोणाला चकवलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. ठाम म्हणजे सकाळपुरतं. संध्याकाळी मला वाटतं की शिक्षणाने नव्हे, त्याला मीच चकवलं.

सगळं गाव त्याला सर म्हणतं. मी एकेरीत बोलते, कारण आठवीपासून दहावीपर्यंत तो माझ्या वर्गात होता. सर म्हणावं असं त्याने काही केलेलं नाही. आयुष्यात एका दिवसाचीही मास्तरकी त्याच्या वाट्याला आली नाही. डी.एड. करताना सरावासाठी त्याने एका शाळेत 'पाण्याचे चक्र' हा पाठ घेतला होता. त्यासाठी केलेल्या तक्त्यावरचा ढग इतका जिवंत होता म्हणतात, की मागच्या बाकावरच्या पोराने दप्तर आत ओढून घेतलं. पाठ संपला, डी.एड. संपलं, आणि त्यानंतर शिक्षकांची भरती निघेना. तो वाट बघत राहिला. तोवर लोकांना त्याला सर म्हणायची सवय लागली होती. भरतीच्या जाहिरातीतली वयाची अट उलटून गेली तरी नाव टिकलं. त्या अभ्यासक्रमातून त्याच्या पदरात पडलेली पक्की गोष्ट म्हणजे हे दोन अक्षरी नाव.

वाट बघण्याच्या काळात माणूस काय करतो? कोणी पत्ते खेळतं, कोणी राजकारणात जातं. हा कोर्स करत गेला. आधी वायरमनचा आयटीआय झालेलाच होता. मग संगणक, मराठी टायपिंग, इंग्रजी टायपिंग, ग्रंथालय, अग्निसुरक्षा, मधमाशीपालन, माती परीक्षण, ठिबक सिंचन, प्रथमोपचार, योग, हॉटेलातलं वाढप. फाईलमध्ये सत्तावीस प्रमाणपत्रं आहेत, मी मोजली. त्यातली सव्वीस लॅमिनेशन केलेली आहेत. उरलेल्या एकाकडे मी पुढे येते, कारण मला या पत्रात क्रम पाळायचा आहे आणि ते सोपं जाणार नाही असं दिसतं.

प्रत्येक कोर्स संपला की सहा महिने तो त्या कोर्सचा होऊन जाई. अग्निसुरक्षा झाल्यावर त्याने माझ्या देवघराच्या दारात वाळूची लाल बादली टांगली आणि निरांजन लावताना मला उभं राहायची जागा ठरवून दिली. माती परीक्षणानंतर तुळशीतली चिमूटभर माती घेऊन गेला आणि आठवड्याने लेखी अहवाल घेऊन आला की नत्र कमी, स्वभाव चांगला. मधमाशीपालनाच्या दिवसांत लिंबाखाली जोरात शिंकायची बंदी होती. वाढपाचा कोर्स करून तो मांजरसुंब्याच्या एका धाब्यावर लागला. तिथे ट्रकवाल्यांना खाली बसण्याआधी "आपण किती जण आहात" असं वाकून विचारू लागला. एका ड्रायव्हरने इकडेतिकडे बघून सांगितलं, "मी एकटाच हाय बे, तुला किती दिसायलेत?" धाबेवाल्याने तिसऱ्या दिवशी त्याला सन्मानाने परत पाठवलं. आणि टायपिंगचं तर अंगातच मुरलं. समोरचा माणूस बोलत असला की याची बोटं मांडीवर चालत. मी काही रागावून बोलले की ती जास्त वेगाने चालत, आणि वाक्य संपलं की अंगठा एकदा मांडीवर दाबला जाई. म्हणजे टाईपरायटरवर जागा सोडली. मला त्याच्यापुढे अर्धवट वाक्य बोलायची भीती वाटायची.

या सगळ्या काळात त्याचं पोट ज्यावर चालत होतं ते काम मात्र फाईलमध्ये कुठेच नाही. आयटीआयचा निकाल लागायला उशीर होता तेव्हा तो केजमध्ये एका मिस्त्रीच्या दुकानात नुसता जाऊन बसायचा. जळालेल्या पाणबुडी मोटारींमधली तार काढून नवी भरायची, असं ते काम. वाइंडिंग म्हणतात. मिस्त्री म्हातारा होता, शिकवत नव्हता, नुसता करत होता. हा बघत राहिला आणि शिकला. ओठांतल्या ओठांत वेढे मोजत तो तार भरू लागला की मध्ये कोणी हाक मारलेली त्याला ऐकू येत नसे. उन्हाळ्यात आसपासच्या दहा गावांच्या मोटारी मागच्या खोलीपुढे रांगेत पडलेल्या असत. मी त्याला खोली दिली ती आपली बोअरची मोटार चालू ठेवायच्या बोलीवर, आणि इतक्या वर्षांत आपल्या घरात एक दिवसही पाणी चुकलं नाही. पण कोणी विचारलं की सर काय करता, तर तो म्हणे, "सध्या काही न्हाई. एक-दोन ठिकाणी फॉर्म भरलेत." मी एकदा म्हटलं की अरे, मोटारीचं सांग की. तो माझ्याकडे बघतच राहिला. "ते काय शिक्षण हाय का बाई? त्याला कुठं सर्टिफिकेट हाय?"

हे त्याच्या डोक्यात कोणी भरलं, याचा विचार केला की मी गडबडते.

त्याचे आईवडील दरवर्षी दसरा झाला की ऊस तोडायला जात. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. ट्रकमध्ये भांडी, शेळी, पोरं आणि कोयते भरून टोळी निघते ती थेट नगरच्या पुढे, कारखान्यांच्या मुलखात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते. दहावीला आला तेव्हा वडील वारले. मुकादम घरी येऊन आईला म्हणाला की आता तू अर्धा कोयता झालीस, पोराला जोडीला घे. आई माझ्याकडे आली. पोराला त्या रस्त्याला लावायचं नाही, एवढंच तिला म्हणायचं होतं. मी पोराला समोर उभं केलं आणि सांगितलं की कागद मिळव. कागद असला की त्या रस्त्याने जावं लागत नाही. फार स्वच्छ उच्चारात सांगितलं असणार, कारण त्याने ते आजवर कधी खोडलं नाही.

आणि दुसरीही एक गोष्ट मीच केली. त्याच्या आधीच्या शाळेचा दाखला उसाच्या फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, भिजून त्याचा लगदा झाला होता. तो परत काढताना मी इतक्या खेपा घातल्या की त्या वर्षी वर्गातल्या सगळ्यांच्या दहावीच्या गुणपत्रिका गोळा केल्या, बीडला नेल्या आणि लॅमिनेशन करून आणल्या. केजात तेव्हा ते मशीन नव्हतं. वर्गात एकेकाला बोलावून हातात दिल्या आणि म्हणाले, "आता पाऊस येवो, वाळवी येवो, तुमचं नाव कोणी पुसू शकत नाही." टाळ्या पडल्या. याने तर ती गुणपत्रिका बादलीत बुडवून बघितली. त्या दिवसापासून मिळेल तो कागद तो आधी लॅमिनेशनला नेई आणि मग घरी आणी. दर रविवारी ओल्या फडक्याने सगळे पुसून ओसरीत ओळीने वाळत घाली. लाईट गेली की वारा घ्यायला अग्निसुरक्षेचंच वापरी, ते जरा मोठं होतं.

आई गावाहून यायची तेव्हा त्या ओळीकडे बघत बसायची. एकदा मला म्हणाली, "बाई, ह्याला एवढे कागद झाले, आता ह्याची गोधडी कावून शिवत न्हाई म्हणावं. थंडीत तरी कामाला यील." लग्नाचंही त्यातूनच बिनसलं. दिंद्रुडची मंडळी त्यांच्या मुलीसाठी त्याला बघायला आली होती. मुलीच्या वडिलांनी फाईल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, चहा घेतला आणि बाहेर जाऊन मध्यस्थाला हळूच सांगितलं की एवढं शिकून माणूस घरी हाय म्हंजी काहीतरी खोट असणार. मुकादम रस्त्यात भेटला की चिडवायचा. "सर, लग्न करा आता. न्हाईतर तुमी अर्धाच कोयता राहिले." सरही त्याला ठेवणीतल्या आवाजात उत्तर द्यायचा की आमी त्या मोजणीतच न्हाई.

त्या मोजणीत पुन्हा यायचं नाही, इतकीच त्याची सगळी धडपड होती. बाकी सगळं म्हणजे बोटांची टकटक.

मग ओमानचं निघालं. तिकडे पंपांच्या कारखान्यात वाइंडिंग करणारे हवे होते. मोटार दुरुस्तीला आलेल्या कोणीतरी त्याला हे सांगितलं. पुण्याजवळ एका शेडमध्ये हातकामाची परीक्षा होती. परीक्षकांनी समोर जळालेली मोटार ठेवायची आणि बघत उभं राहायचं. हा गेला, ओठांत वेढे मोजत बसला आणि सगळ्यांच्या आधी उठला. परीक्षकाने मोटार चालवून बघितली, दुसऱ्याला बोलावून दाखवली आणि विचारलं की हे कुठे शिकलास. याने मिस्त्रीचं नाव घेतलं नाही. "वायरमन, आयटीआय," म्हणाला. ते त्यांनी लिहून घेतलं. आता फक्त आयटीआयच्या मूळ प्रमाणपत्राच्या मागे सरकारी शिक्के मारून आणायचे होते, महिन्याच्या आत. म्हणजे विमानाचं तिकीट.

शिक्का प्लास्टिकवर बसत नाही. कचेरीत खिडकीवरच्या माणसाने प्रमाणपत्र उलटसुलट करून परत दिलं आणि म्हणाला की हे सोलून आणा. त्याचं काही चुकलं नाही. नियम तसाच होता, आणि कागदावर शिक्क्याला जागा लागते ही साधी गोष्ट एकतीस वर्षं कागदांत घालवून मला सुचली नव्हती.

झेरॉक्सवाल्याने युक्ती सांगितली की वरून कापड घालून गरम इस्त्री फिरवा, प्लास्टिक सैल होतं, मग हळूहळू ओढा. दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही स्वयंपाकघरात बसलो. त्याने वाळूची लाल बादली आणून टेबलाशेजारी ठेवली. इस्त्री मी धरली. माझा हात स्थिर आहे, घडी मोडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मागची बाजू सुंदर निघाली. पांढरा स्वच्छ कागद. आम्ही दोघं हसलो. मग पुढची बाजू ओढली. तीही अखंड निघाली, पण छापील मजकूर कागदावर राहिला आणि शाईने लिहिलेलं त्याचं नाव, क्रमांक, श्रेणी, सगळं प्लास्टिकला चिकटून वर आलं. मी ते प्लास्टिक खिडकीकडे धरलं. उजेडात नाव स्पष्ट वाचता येत होतं. कागदावर नावाच्या जागी फिकट ओल्यासारखा डाग होता.

मला वाटलं तो आता रडेल किंवा मला काहीतरी बोलेल. त्याने कागद उलटा करून मागची कोरी बाजू बघितली. त्याची बोटं टेबलावर अगदी स्थिर होती.

"पाठ तर मोकळी झाली की बाई," तो म्हणाला. "आता मारा म्हणावं शिक्का."

दुसरी प्रत काढायला अर्ज केला, प्रतिज्ञापत्र केलं, जाहिरात दिली. त्याला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. प्रत आली तोवर ओमानची जागा भरून गेली होती. ती प्रत घेऊन तो आधी झेरॉक्सच्या दुकानापुढे जाऊन उभा राहिला आणि तिथून मला फोन केला. "बाई, करू का लॅमिनेशन?"

आयुष्यभर मी मुलांना हो किंवा नाही असं उत्तर द्यायला शिकवलं. मला त्या क्षणी खरोखरच कळेना की वाळवी मोठी की शिक्का मोठा. मी म्हटलं, घरी ये, चहा घे. सत्तावीसमधला प्लास्टिक नसलेला कागद तो हा.

त्यानंतर वर्षभर त्याने एकही कोर्स केला नाही. गाव काळजीत पडलं. तब्येत बरी आहे ना म्हणून मला भाजीवाली विचारून गेली. तो मोटारी भरत राहिला. या पावसाळ्याच्या शेवटी एक गृहस्थ सासुरवाडीला आले होते. त्यांच्या सासऱ्यांची मोटार जळाली, ती सरांनी भरून दिली आणि ते गृहस्थ जागेवर उभे राहून बघत राहिले. नगरच्या पुढच्या एका साखर कारखान्यात ते मोटार विभागाचे फोरमन निघाले. दसऱ्यानंतर या, म्हणाले. कायम काम, राहायला क्वार्टर.

सर संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसला. आनंद झाला होता की अपमान, मला ओळखता येईना. मी सवयीने विचारलं की कागद कुठले मागितले.

"कुणी इचारलंच न्हाई बाई," तो म्हणाला. "मी फाईल घेऊन गेलतो. त्यांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला."

मग खाली बघत म्हणाला, "रस्ता तोच हाय. तोच कारखान्याचा."

मी त्याला जा म्हणाले. का म्हणाले, ते मला अजून नीट मांडता येत नाही. त्याच्या आईचं आणखी वेगळं. तिला ऐकून फक्त इतकंच कळलं की पोरगं शेवटी तिकडेच चाललं. ती निरोप द्यायला आली ती भाकरी, ठेचा आणि जुनी गोधडी घेऊन. तिने त्याला विचारलं की कोपी कुठं घालणार.

"क्वार्टर हाय, आये."

"क्वार्टर म्हंजी?"

"भिंतीची कोपी."

तिने जरा विचार करून गोधडी तरीही पिशवीत कोंबली. "थंडी लई असती तिकडं," म्हणाली. फाईल त्याने नेली नाही. "तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या," म्हणाला, "तुमी नीट ठेवता." मला ते लागलं, पण तो खरंच तसं समजून बोलला होता.

ज्या आठवड्यात टोळ्या निघतात त्याच आठवड्यात तो निघाला, एस.टी.ने, खिडकीजवळ आरक्षण करून. दुपारी मांजरसुंब्याहून त्याचा फोन आला. बस चहाला थांबली होती आणि त्याच धाब्यावर त्याच्या गावच्या टोळीचा ट्रकही थांबला होता. माणसं ओळखीची. पोरं ट्रकमधून हात हलवत होती. मुकादम चहाचा ग्लास घेऊन जवळ आला, पिशवीतून डोकावणाऱ्या गोधडीकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, तुमीबी?"

मी विचारलं, मग तू काय सांगितलंस? त्याला सांगायला किती होतं. ओमानची परीक्षा, कायम काम, क्वार्टर, मोटार विभाग.

"हो म्हणलं, बाई," तो म्हणाला. "आमीबी." आणि मला फोनवर ऐकू आलं की तो हसतो आहे. तिथले बाकीचेही हसत होते. मग कंडक्टरने घंटी दिली.

ईशा, मी तुझ्यासाठी एका कागदावर दोन रकाने आखले होते. डावीकडे तो काय शिकला आणि उजवीकडे त्यातून काय झालं. मिस्त्रीच्या दुकानात बसणं कुठल्या रकान्यात घालायचं ते मला ठरवता आलं नाही, आणि माझी इस्त्री तर कुठेच बसेना. शिकू नका असं मी कधीही म्हणणार नाही. तो शिकला नसता तर त्या ट्रकमध्ये मागे बसला असता, हेही तितकंच खरं वाटतं. बसला नसता, कारण तार भरायची कला त्याच्या हातात होतीच, हेही खरं वाटतं. निनाद, तुझ्या अर्धवट कोर्सबद्दल मला एवढंच कळतं की सुट्टीच्या दिवशी तू कोणाच्या दुकानात नुसता बघत बसतोस, ते मला आधी लिहून पाठव.

मागची खोली मी झाडून घेतली आहे. खिळ्याला वाळूची लाल बादली तशीच आहे. निळी फाईल माझ्या लोखंडी कपाटात दुसऱ्या कप्प्यात आहे आणि ती दुसरी प्रत एका साध्या कागदी पाकिटात वेगळी ठेवली आहे. या रविवारपासून मी ती उघडून बघायला लागले आहे. अजून वाळवी लागलेली नाही. मागची बाजू कोरी आहे, आणि पुढच्या बाजूला त्याचं नाव आहे.

तुमची,
आजी